थेंबे थेंबे, तत्त्वतः मंजूर

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये कुणाच्या तब्येतीची चौकशी करण्याआधी खडकवासल्याची करायची असते. 'काय, किती झालं?' असं कोणी विचारलं आणि समोरच्याने रक्तदाबाचा आकडा सांगितला, तर तो बाहेरगावचा समजावा. पानशेत इतकं, वरसगाव तितकं, टेमघर नेहमीप्रमाणे मागे, खडकवासला भरलं, मुठेत विसर्ग सुरू, भिडे पूल पाण्याखाली. उत्तर या क्रमाने यायला हवं. चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी, हे दशांश चिन्हासकट तोंडपाठ असलेली माणसं मला रोज सकाळी कट्ट्यावर भेटतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. हेही ती न विचारता सांगतात. आता याच माणसाला विचारा, 'आज अंघोळीला किती लिटर पाणी घेतलंत?' पगार विचारल्यासारखा चेहरा करून तो विषय पुन्हा टेमघरवर नेईल.

हे अज्ञान सुखाने नांदलं असतं. पण उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला टँकर लागतात. दहा हजार लिटरचा एक टँकर, रात्री सगळे झोपल्यावर रिव्हर्सचं भक्तिगीत वाजवत येणारा. खजिनदारांनी टँकरचं बिल सभेत वाचून दाखवलं, तेव्हा मागच्या रांगेतले मोबाइलसुद्धा क्षणभर खाली झाले.

सभा अर्थातच कोरमअभावी अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी, त्याच माणसांत पुन्हा भरलेली होती. पाणी वाचवण्याबद्दल दुमत नव्हतं. गाड्या धुणं बंद करावं, अशी सूचना ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी केली. कुंड्यांचं पाणी बंद करावं, असं ज्यांच्या गॅलरीत फक्त एसीचं यंत्र आहे त्यांनी सुचवलं. वॉशिंग मशीन एक दिवसाआड लावावं, असं पहिल्या मजल्यावरचा ब्रह्मचारी म्हणाला. प्रत्येकाने दुसऱ्याचं पाणी अगदी उदार हाताने वाचवलं.

शेवटी सेक्रेटरी उठले. त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो. मार्च २०२४ मध्ये तिथल्या पाणीटंचाईत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लावला होता आणि हॉटेलं, मॉल वगैरेंना नळांना जाळ्या बसवणं सक्तीचं केलं होतं. 'दंडाचं सोडा,' ते गाडीवाल्यांकडे बघत म्हणाले, 'पण जाळ्या आपल्याला का जमू नयेत? नळांना जाळी आणि बाथरूममध्ये पाणी वाचवणारा शॉवर. ज्याने त्याने आपल्या खर्चाने.' ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात कोणाची एकही सवय बदलायची नव्हती, फक्त वस्तू बदलायची होती. एवढीच अट असेल तर मराठी माणूस कुठल्याही क्रांतीला तयार असतो.

आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर काका आहेत. धरणांच्या दरवाजांवर आयुष्य गेलेल्या माणसाला शॉवर म्हणजे पोरखेळ. 'आधी मोजा, मग बदला,' असं जाहीर करून ते २० लिटरची बादली, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि एक वही घेऊन घरोघर फिरले. शॉवर पूर्ण सोडायचा, खाली बादली धरायची, भरायला लागलेली सेकंदं लिहायची. काका येणार म्हणून बायकांनी बाथरूम घासून ठेवली, दोन घरांत त्यांना पोहे मिळाले, आणि एका घरात 'शॉवरचं राहू द्या, कमोडचं फ्लश तेवढं बघा' म्हणून तासभर गुंतवून ठेवलं.

वहीतले आकडे मात्र खळबळजनक निघाले. तळमजल्यावर बादली दीड मिनिटात भरत होती. सातव्या मजल्यावर तीच बादली भरायला चार मिनिटं. कारण आमच्या नळांना दाब देणारी कुठलीही यंत्रणा नाही. गच्चीवरची टाकी आणि न्यूटन, दोघेच. पाण्याचा स्तंभ दहा मीटर उंच असेल तेव्हा सुमारे एक बार दाब मिळतो. तळमजल्याच्या डोक्यावर वीसेक मीटरचा स्तंभ आहे, सातव्या मजल्याच्या डोक्यावर जेमतेम तीन मीटरचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातलं पाणी मोटार-बिटार काही नसताना, निव्वळ उताराच्या जोरावर शहरातल्या हौदांत आलं. आमच्या बिल्डरने तंत्र तेच ठेवलं, फक्त उतार द्यायचा विसरला.

काकांनी निष्कर्ष नोटीस बोर्डावर लावला, तसा सातव्या मजल्यावरच्या वहिनींचा आवाज जिन्यातून तळमजल्यापर्यंत पोचला. पाणी पोचत नाही तितक्या जोरात. 'म्हणजे इमारत बांधल्यापासून आम्ही पाणी वाचवतोय! आधी आमची मागची बाकी द्या. मेन्टेनन्समधून वजा करा.' खजिनदार त्या दिवसापासून लिफ्टमध्ये शिरण्याआधी आत कोण आहे ते बघतात.

पाणी वाचवणाऱ्या शॉवरची खरी गोम इथेच आहे. त्यात मुख्यतः दोन जाती. एकीत पाण्याच्या धारेत बाजूने हवा ओढली जाते, त्यामुळे थेंब फुगलेला वाटतो आणि कमी पाण्यात अंग भिजल्याचा भास होतो. दुसरीत आत एक बारीक भोकाची चकती असते, जी पाण्याला 'एकेकाने या' म्हणते. दोन्हींना काम करायला मागून भरपूर दाब लागतो. आणि ही विद्या जिथे सक्तीची झाली, त्या अमेरिकेत दाबाला तोटा नाही. तिथे १९९२ मध्ये कायदा झाला आणि १९९४ पासून शॉवरमधून मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साधारण साडेनऊ लिटरहून जास्त पाणी येता कामा नये असं ठरलं. मोजणी करायची ती ८० पीएसआय दाबाला. काकांनी हिशेब करून सांगितलं, की ८० पीएसआय म्हणजे ५६ मीटर उंचीचं पाणी. सातव्या मजल्यावर अमेरिकन अंघोळ करायची तर आमची टाकी आणखी अठराएक मजले वर न्यावी लागेल. बिल्डर एका पायावर तयार आहे, एफएसआय मिळत नाही.

बरं, एवढा दाब असून तिकडे सगळे सुखात आहेत म्हणावं, तर तेही नाही. १९९६ साली 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेत एका इमारतीत कमी पाण्याचे शॉवर बसतात, आणि केसांचा साबण निघेना म्हणून भाडेकरू चोरबाजारात जोरदार शॉवर शोधत फिरतात, असा एक अख्खा भाग झाला. हा विनोद होता. पुढे तो सरकारी कामकाज बनला. आपले केस नीट धुतले जात नाहीत अशी तक्रार ट्रम्प यांनी अध्यक्षपदावरून जाहीरपणे केली. एका शॉवरला दोन-चार तोंडं असतील तर साडेनऊ लिटर सगळ्यांत मिळून धरायचे की दर तोंडी, यावर २०२० च्या डिसेंबरात त्यांच्या सरकारने 'दर तोंडी' असा नियम केला. २०२१ मध्ये बायडन सरकारने तो फिरवला. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी परत येऊन वटहुकूमासारखा आदेश काढला. शॉवरवरून एवढं पाणी वाहून गेलेलं पाहिलं आणि आमच्या सोसायटीच्या सभा मला एकदम भारदस्त वाटू लागल्या.

असो. ठरावाला मान देऊन मी दुकानात गेलो. 'पाणी वाचवणारा शॉवर दाखवा.'

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. 'पाणी यायला हवंय की वाचायला?'

'दोन्ही.'

'मजला कितवा?'

मी 'पाचवा, सातातला' म्हटल्यावर त्याने डॉक्टर मान हलवतात तशी हलवली आणि एक खोकं काढलं. खोक्यावर एक गोरी बाई पाण्याखाली डोळे मिटून हसत होती. तिच्याकडे निश्चित तीन बार दाब असणार. शेजारी ताटाएवढा रेन शॉवर टांगलेला होता. तो हल्ली फार खपतो, असं तो म्हणाला. म्हटलं, आमच्याकडे चालेल का? 'चालेल की. पाऊस पडणार नाही, झाकळून येईल.'

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. जुना शॉवर पितळी, वरचं क्रोमियम उडालेला. टँकर आणि बोअरच्या पाण्याने त्यावर क्षारांचा पांढरा थर चढलेला. निम्मी भोकं कायमची बुजलेली, उरलेल्या निम्म्यांतून धारा सभासदांसारख्या, जी ती आपल्या मताने: एक साबणाच्या खाचेत, एक सरळ टॉवेलवर, एक दाराच्या कडीवर. मधोमध उभ्या माणसावर पाणी यायचं, पण ते अपवादाने. प्लंबरने पकड लावली, एक झटका दिला, आणि या धंद्यातलं आद्य वाक्य उच्चारलं, 'आतला एल्बो तुटला ना साहेब, तर टाइल फोडायला लागेल.' हे वाक्य ऐकून घरमालकाचा चेहरा पडल्याशिवाय पुढचं काम होत नाही. माझा पडला. शॉवर लगेच निघाला. आतून खडूच्या भुकटीसारखा क्षार भसकन खाली पडला. 'पितळ आहे, चांगलं जड आहे,' असं कौतुकाने म्हणत त्याने तो माझ्या हातात न देता आपल्या पिशवीत ठेवला.

मग आट्यांवर टेफ्लॉनची टेप. ती आट्यांच्या दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळावी लागते, नाहीतर शॉवर फिरवताना उलगडून बाहेर येते. हे त्याने फार मन लावून केलं. नवा शॉवर हातात घेतला, उलटा केला, आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरने आतून एक हिरवी प्लास्टिकची चकती अलगद उचकटली.

'अहो, हे काय?'

'ही काढली म्हणजे पाणी मस्त येतं.'

'अरे, पण पाणी वाचवायला तीच तर लागते!'

त्याने अपार करुणेने माझ्याकडे पाहिलं. 'सगळ्यांच्या काढल्यात साहेब. सेक्रेटरी साहेबांची पहिली काढली.' चोरबाजारात जोरदार शॉवर शोधणाऱ्या त्या अमेरिकन भाडेकरूंना आमचा प्लंबर भेटला असता, तर मालिकेचा तो भाग पाच मिनिटांत आटोपला असता.

माझ्या शॉवरमध्ये चकती राहिली. मी राखली. आणि घरात शांतता राहिली नाही.

बायकोचं म्हणणं, साबण लावण्यापर्यंत सगळं ठीक आहे, पण शांपूचा फेस केसांतून उतरतच नाही. थोडा वेळ ती शॉवरखाली उभी राहते, मग बादली भरून घेते आणि वरून ती ओतते. म्हणजे पूर्वी एक शॉवर लागायचा, आता एक शॉवर अधिक एक बादली. चिरंजीवांचा प्रश्न नैतिक निघाला. पूर्वी दारावर थाप पडली की तो पाच मिनिटांत बाहेर यायचा, कारण मनात कुठेतरी खात असायचं. आता पर्यावरणपूरक शॉवर आहे म्हटल्यावर खाणं थांबलं आणि पाणी वाहायला लागलं. वीस मिनिटांनी वाफेच्या ढगातून तो पृथ्वी वाचवून बाहेर येतो.

आईने शॉवर या वस्तूची दखल कधीच घेतलेली नाही. तिच्या माहेरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, आणि त्यात तापेल तेवढ्या पाण्यात घरातली सगळी माणसं उरकायची. शेवटी जाणाऱ्याला पाणी आणि निखारे दोन्ही विझत आलेले मिळायचे, म्हणून सगळे पहाटे उठायचे. तिच्याकडे आजही एक बादली, एक तांब्या आणि डोक्यात पक्का आराखडा असतो: चार तांबे भिजायला, सहा साबणाचे, उरलेलं पायांवर आणि फरशीवर. 'तुमच्या त्या यंत्रातून मिनिटाला किती येतं?' तिने विचारलं. म्हटलं, सहा लिटर. 'मग तीन मिनिटांत अठरा. माझी बादली तेवढीच. हा वीस मिनिटं करतो तरी काय आत?' गणित बिनतोड होतं. सहाचा शॉवर वीस मिनिटं चालला तर तशा सहाहून जास्त बादल्या होतात, आणि खोक्यावरची बाई याबद्दल काही बोलत नाही.

वेळेचं काहीतरी करायला हवं म्हणून चौथ्या मजल्यावरच्या गायकांना साकडं घातलं. हे सकाळी शॉवरखाली नाट्यपदं म्हणतात, आणि डक्टमुळे ती सर्व मजल्यांना ऐकू येतात. २०१८ मध्ये केपटाऊनला भीषण टंचाईत माणशी दिवसाला ५० लिटरचं बंधन होतं, तेव्हा तिथल्या गायकांनी मुद्दाम दोन-दोन मिनिटांची गाणी करून दिली, गाणं संपलं की अंघोळ संपली. हे ऐकून ते दुखावले. 'दोन मिनिटांत? अहो, त्यात षड्जसुद्धा ओला होत नाही.'

एका बाबतीत मात्र शॉवरने चमत्कार केला. शॉवरखाली कमी पाणी म्हणजे गीझरमधून कमी गरम पाणी. शंभर लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला सव्वादोन युनिटांहून जास्त वीज लागते, त्यामुळे चकती शाबूत ठेवलेल्या दोन-तीन घरांत विजेचं बिल दिसण्याइतकं उतरलं. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. चकती काढलेले लोक प्लंबरला फोन करून 'ती हिरवी वस्तू' परत मागू लागले. टँकरच्या बिलाने जे झालं नव्हतं ते गीझरने केलं, कारण विजेचा मीटर ज्याच्या त्याच्या दारात आहे. आपण बंद केलेल्या दिव्याचे पैसे आपल्याच खिशात राहतात. पाणी मात्र सगळ्यांचं मिळून येतं आणि बिल सारखं वाटलं जातं. मी वाचवलेली बादली शेजारच्याच्या गाडीच्या टपावर ओतली जात असेल, तर माझ्या डोक्यातला फेस मी कशासाठी सोसायचा, असा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. आणि शेजाऱ्याच्या मनात माझ्याबद्दल.

त्याच आठवड्यात लातूरहून मामेभाऊ आला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली ती त्याच्या गावाला. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती. हा माणूस अर्ध्या बादलीत अंघोळ करतो, तीसुद्धा परातीत उभा राहून, आणि परातीतलं पाणी कुंड्यांना घालतो. मी त्याला नवा शॉवर सविस्तर दाखवला, हवा कुठून शिरते, चकती कुठे असते. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग बाथरूमच्या खिडकीकडे बोट करून म्हणाला, 'दादा, अन् बाहेरच्या बाजूला जो लावलाय, तो कुठल्या कंपनीचा?'

खिडकीबाहेर धो धो पाणी कोसळत होतं. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. वॉचमन मोटार सुरू करून चहाला गेला होता आणि चहावाल्याकडे क्रिकेटची मॅच होती. इंजिनिअर काका बादली घेऊन धावत खाली आले आणि त्यांनी तशाही परिस्थितीत स्टॉपवॉच लावलं. बादली सहा सेकंदांत भरली. मिनिटाला दोनशे लिटर! अर्धा तास वाहिली असेल तर सहा हजार. अख्ख्या इमारतीने कित्येक दिवस कानामागे साबण बाळगून जे साठवलं, ते पार्किंगमधून गटारात निघालं होतं. वाटेत दोन गाड्या मात्र स्वच्छ झाल्या.

पुढच्या सभेत काकांनी मूळ विषयालाच हात घातला. शॉवर, जाळ्या, चकत्या सगळं ठीक आहे, पण प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर बसवा आणि वापरेल तसं बिल घ्या. टाकीला मोटार आपोआप बंद करणारं यंत्र लावा. सभागृहात अशी शांतता पसरली, की टँकरवाला आला असता तर त्यानेही गाणं बंद केलं असतं.

मग अडचणी येऊ लागल्या. आपल्याकडे एका फ्लॅटला पाणी एकाच वाटेने येत नाही. गच्चीवरून स्वयंपाकघरांची पाइप वेगळी उतरते, दोन बाथरूमच्या दोन वेगळ्या, म्हणजे घरटी तीन-चार मीटर लागणार. ही अडचण खरी होती, म्हणून तिच्यावर कोणी फारसं बोललं नाही. 'आमच्याकडे पै-पाहुणा फार,' असं एक जण म्हणाले. 'आमच्या सासूबाईंचं सोवळं आहे, त्याचं मीटरमध्ये कसं बसवणार?' असं एकीने विचारलं. सातव्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, 'मीटर फिरायला तरी दाब पुरेल का?' फक्त दुसऱ्या मजल्यावरचे काका उत्साहाने मीटरच्या बाजूने उभे राहिले. ते वर्षातले सहा महिने मुलीकडे न्यू जर्सीला असतात.

इतिवृत्त सेक्रेटरींनी नेहमीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे: 'घरटी पाणी-मीटरचा विषय तत्त्वतः मंजूर करण्यात आला. तपशील ठरवण्यासाठी पाच सभासदांची उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीने आपला अहवाल सवडीने सादर करावा. आभारप्रदर्शन व चहापानानंतर सभा संपली.' उपसमितीत तळमजल्यावरचे दीड मिनिटवाले, रोज गाडी धुणारे दोघे, चौथ्या मजल्यावरचे गायक आणि न्यू जर्सीचे काका आहेत. काकांचं विमान परवाच गेलं.